बाजूच्या सीटखालचा आवाज

४, सोमवार

आज गाडीने तोंड उघडलं.

बारीक, चिवट आवाज. बंद ओठांच्या आतून कुणी एकसारखं 'ईईई' म्हणत राहावं तसा. समोरून, खालून येतो. गिअर कुठलाही असो. मग एकदम थांबतो. शेजाऱ्याला 'ऐकलंत का' म्हणून विचारावं, तर शेजारी स्टीअरिंगला लटकलेला विद्यार्थी असतो. त्याला त्या वेळी स्वतःचं नावही ऐकू येत नाही.

गॅरेजवाल्याला फोन केला. सगळे त्याला कानसेन म्हणतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटतो आणि दोन मिनिटांत रोग सांगतो. आज मात्र म्हणाला, "सर, नोंद ठेवा. आवाज कधी येतो, कोण चालवत असताना येतो, कशाने थांबतो. चार दिवस लिहा, मग गाडी आणा."

म्हणून ही वही. वही गाडीसाठी आहे. पण गाडीत माणसं बसतात, तेव्हा तीही इथे येणार. माझा नाइलाज आहे.

सुरुवातीची नोंद रीतसर हवी. माझं ड्रायव्हिंग स्कूल बावीस वर्षं चालू आहे. गाडी एक, शिकवणारा एक, तो मी. बाजूच्या सीटवर माझ्या पायाशी दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक आहे. विद्यार्थी चुकला तर मी सावरतो. बावीस वर्षांत माझ्या विद्यार्थ्याच्या हातून भर रस्त्यात गाडी बंद पडली, असं एकदाही झालेलं नाही. मी पडू देत नाही.

परीक्षेचं म्हणाल तर गेल्या तीन महिन्यांत चौदा पाठवले, त्यांतले अकरा नापास. सगळे चढावर. मैदानात एक चढ आहे, त्याच्या मध्यावर थांबायचं आणि मागे न घसरता निघायचं. तिथे यांची गाडी बंद पडते. माझ्यासोबत असताना याच लोकांनी याहून वाईट चढ चढलेत. हल्लीच्या माणसांना परीक्षकाचा चेहरा बघून घाम फुटतो, त्याला गाडी काय करणार.

५, मंगळवार

सकाळी सात: औषधांच्या दुकानातला मुलगा. आवाज आला. आठ: गणिताच्या बाई. आवाज जास्त, चौकात तर सलग. साडेनऊ: निवृत्त हेडक्लार्क. आवाज मध्यम. मी एकटा गाडी घरी आणताना: आवाज नाही.

म्हणजे गाडी मला मान देते. हे मला माहीत होतंच, पण लेखी आलं की बरं वाटतं.

७, गुरुवार

आजपासून हिचा तास. 'ही' म्हणजे माझी बायको. रक्त तपासायच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं आहे. लॅब आता पंचवीस किलोमीटरवर नवं केंद्र उघडते आहे आणि तिथली प्रमुख म्हणून हिला विचारलंय. अट एकच. पहाटे गावोगावचे नमुने गोळा करायची छोटी व्हॅन प्रमुखानेच चालवायची. दोन तारखेला हजर व्हायचं, लायसन्स हातात घेऊन. परीक्षा सत्तावीसला आहे. नाहीतर जागा दुसऱ्या बाईंना.

हिने मला न विचारता 'हो' सांगून टाकलं आणि मग मला शिकवायला सांगितलं. क्रम उलटा झाला, पण मी मोठ्या मनाने घेतलं.

तास असा झाला:

"क्लच सोड. हळू. अजून हळू."

"सोडला."

"छान. निघाली बघ."

"मी सोडला तेव्हा नाही निघाली. नंतर निघाली."

"तसंच असतं."

"म्हणजे गाडी विचार करून निघते?"

मी म्हटलं, शिकताना प्रश्न कमी आणि लक्ष जास्त असावं. पुढे सिग्नलला हिने गाडी बंद पाडलीच असती, मी सावरली. तर म्हणते, "अहो, बंद पडू द्या की एकदा. कशी पडते ते तरी कळेल." एकोणीस वर्षं काचेच्या नळ्या हाताळणाऱ्या बाईने हे बोलावं. लॅबमध्ये हाताखालच्या मुलींना सांगते का, एक नळी फुटू दे, कशी फुटते ते कळेल?

आवाज: आजवरचा सगळ्यात मोठा. निघाल्यापासून घरी येईपर्यंत.

८, शुक्रवार

गाडी कानसेनकडे नेली. तो एकटा चक्कर मारून आला. आवाज नाही. मग मला बाजूला बसवून निघाला. हा माणूस वळणावर बोनेटकडे बघतो, रस्त्याकडे नाही, त्यामुळे मी सावध बसलो होतो. आवाज आला.

त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. "सर, जरा पाय वर घ्या. खालची चटई बघायची आहे."

मी पाय वर घेतले. आवाज थांबला.

"आता खाली ठेवा. नेहमी ठेवता तसे."

ठेवले. आवाज सुरू.

"वर."

थांबला. मी त्याला म्हटलं, चटईच बदलून टाक. त्यावर तो बराच वेळ स्टीअरिंगवर बोटं वाजवत बसला.

"सर, रागावू नका. तुमचा पाय क्लचवर असतो."

"क्लचवर नसतो. तयारीत असतो."

"तयारीत असतो तो क्लचवरच असतो. अर्धा दाबलेला. तुम्ही तिकडे दाबून धरलं की आतलं बेअरिंग फिरत राहतं. क्लच दाबला तेवढ्यापुरतं त्याने फिरायचं असतं, तुम्ही त्याला दिवसभर फिरवता. ते रडतंय. आता या वर्षातलं तिसरं घालावं लागणार."

म्हणजे तो तिसऱ्यांदा निकृष्ट बेअरिंग घालणार आणि दोष माझ्या पायाचा. मी म्हटलं, अजून नोंदी पुऱ्या झालेल्या नाहीत, घाई नको. तो म्हणाला, "लिहा. पण पायाचाही एक रकाना ठेवा."

पायाचा रकाना ठेवलेला नाही. एका जागी असलेल्या गोष्टीची नोंद कसली करायची?

११, सोमवार

पायावरून एक गोष्ट मात्र सुचली. विद्यार्थ्यांची पायताणं. गणिताच्या बाईंच्या सँडलला टाच आहे, मुलगा स्लिपर घालतो, हिचे जाड तळव्याचे बूट. पेडलवर दाब वाकडा पडत असणार आणि तोच आवाज करत असणार. ऑफिसच्या फळ्यावर सूचना लावली: 'विद्यार्थ्यांनी पातळ तळव्याचे, बिनटाचेचे, बंद बूट घालून यावे. स्लिपर व सँडल चालणार नाहीत. आदेशावरून.' आदेश कुणाचा ते लिहिलं नाही. तसं लिहिलं नाही की लोक जास्त पाळतात.

सगळे पातळ बूट घालून आले. आवाज तेवढाच. बूट नवे आहेत, रुळायला वेळ लागेल.

माझ्या स्वतःच्या डाव्या बुटाचा तळवा पुन्हा फाटला. उजवा नवा कोरा. चांभार म्हणाला, "साहेब, एकाच पायाने चालता का?" कंपन्या डाव्या पायाला हलकं चामडं लावतात, दुसरं काय.

१३, बुधवार

गणिताच्या बाईंची परीक्षा. चढावर तीनदा बंद. नापास.

मी सांत्वनाला गेलो, तर त्या रडत नव्हत्या. पर्समधून कागद काढला. बाईंनी आकडेमोड केली होती.

"सर, तुमच्याबरोबर वीस तास गाडी चालवली. एकदाही बंद पडली नाही. आज तुम्ही नव्हतात, चार मिनिटांत तीनदा पडली. गाडी तीच, मी तीच, बूटही तुमच्या आदेशाचे."

"म्हणजे बाई, माझ्या उपस्थितीत तुमची कामगिरी सुधारते."

"नाही सर. तुमच्या उपस्थितीत कामगिरी तुमची असते. पैसे मी भरते आणि तालीम तुमची होते."

शाळेतल्या बायकांना टोचून बोलायची सवय असते, मी मनावर घेत नाही. पुन्हा दहा तास घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, विचार करून सांगते.

घरी येऊन हिला सांगितलं, हसून सांगितलं. ही हसली नाही. "तो कागद तुमच्याकडे आहे का?" एवढंच विचारलं.

१६, शनिवार

आज ट्रकवाले काका आले होते. तीस वर्षं मालट्रक चालवला, लायसन्सची मुदत संपून गेली, म्हणून पुन्हा परीक्षा. दोन तास सरावाला हवे होते. पायात स्लिपर. सूचना दाखवली तर म्हणाले, "मास्तर, मी अनवाणी घाट उतरलोय."

त्यांच्याबरोबर शहराबाहेर जाऊन आलो. आवाज नाही. एकदाही नाही. मी स्वतः खात्री करणार होतो, पण काका गाडी इतकी सरळ चालवतात की माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा मी मांडी घालून बसलो होतो आणि काका गाडी दारात लावून काच पुसत होते.

स्लिपर असूनही आवाज नाही. पायताणाची सूचना फळ्यावरून काढली. नवा तर्क: आवाज चालवणाऱ्याच्या वयावर अवलंबून असावा. पण हेडक्लार्क काकांपेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत आणि त्यांच्याबरोबर येतो. काहीतरी हातात येता येता निसटतंय.

१८, सोमवार

आवाजाने आज कहर केला. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला वाकून गाडीखाली बघायला लागला, मांजर अडकलंय म्हणून. गाडी कानसेनकडे टाकली. बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, दोन दिवस जाणार.

ही बरोबर आली होती. कानसेनच्या आईचं रक्त ही दर महिन्याला घरी जाऊन आणते, त्यामुळे ओळख आहे. मी कागदावर सही करेपर्यंत दोघं गाडीच्या पुढच्या दारात वाकून बोलत होते. मी जवळ गेलो तेव्हा ही म्हणत होती, "ब्रेकला हात लावू नका. तेवढा राहू दे."

"ताई, तो मी काढणारही नाही," कानसेन म्हणाला.

मी विचारलं, कशाबद्दल? ही म्हणाली, "सुरक्षिततेबद्दल." मला बरं वाटलं. शिकवलेलं थोडं तरी झिरपतंय.

२१, गुरुवार

गाडी आली. आवाज गेला. माझ्याकडचा क्लच तर असा मऊ झालाय की बोटाने दाबावा. कानसेनने या वेळी माल चांगला वापरला. माणसाला वेळीच संशय दाखवला की काम सुधारतं.

हिचा तास भयंकर झाला. कोपऱ्यावरच गाडी बंद. पुन्हा बंद. भाजीबाजाराच्या सिग्नलला पाच वेळा. मी दर वेळी क्लच पूर्ण दाबत होतो आणि तरी बंद. मागे बस, तिच्यामागे टेम्पो, सगळे हॉर्नवर झोपलेले. मी म्हटलं, "उतर, मी घेतो." ही म्हणाली, "नाही." दोन्ही हात स्टीअरिंगवर, मान सरळ. सहाव्यांदा गाडी निघाली.

घरी आल्यावर मी समजुतीने सांगितलं की सत्तावीसची तारीख पुढे ढकलू.

"ढकलली तर केंद्र त्या दुसऱ्या बाईंना जाईल."

"जाऊ दे. इथे काय वाईट चाललंय तुझं?"

"वाईट नाही चाललेलं. एकोणीस वर्षं तेच चाललंय."

"आज अकरा वेळा बंद पाडलीस."

"बारा. आणि तेराव्यांदा नाही पडली, ते मोजलंत का?"

त्यानंतर घरात फक्त भांडी बोलली.

वही खासगी आहे म्हणून लिहितो. ही नापास झाली तर मला वाईट वाटेल, नक्की वाटेल. पण त्या वाईटाच्या खाली थोडं हायसंही वाटेल, असा मला संशय आहे. ही पहाटे साडेपाचला व्हॅन घेऊन निघाली की कुठल्या वळणावर आहे, ते मला कळणार नाही. कळून तरी काय उपयोग, त्या व्हॅनमध्ये दुसरी पेडलं नाहीत.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

२२, शुक्रवार

बंद: चार वेळा.

आज औषधवाल्या मुलानेही सात वेळा पाडली आणि हेडक्लार्कांनी नऊ. एकाच आठवड्यात सगळ्यांचा हात कसा बिघडला? नव्या बेअरिंगमुळे असेल, रुळायला वेळ लागतो. हेडक्लार्क मात्र खूश. म्हणाले, "आज पहिल्यांदा गाडीने माझं ऐकलं. उलट ऐकलं, पण माझं ऐकलं."

२५, सोमवार

तलावाजवळच्या चढावर हिला सव्वा तास घासलं. खाली ये, वर जा, मध्ये थांब, निघ. बंद: एकदाही नाही.

श्रेय कुणाचं, हे मी बोलून दाखवत नाही. पण माझ्या पायाखाली काय चाललं होतं, ते मला माहीत आहे. हिने क्लच सोडला की मी मिलिमीटरने माझा सोडत होतो, गाडी थरथरली की पुन्हा दाबत होतो. तंबोऱ्यावर गायकाने निर्धास्त गावं, तशी चालवत होती. चढाच्या टोकाला पोचल्यावर मी म्हटलं, "जमतंय की आपल्याला."

"आपल्याला?" ही म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघून बराच वेळ हसत राहिली. आनंद झाला की काही माणसांना हसू आवरत नाही.

काळजी एकच. परवा मी बाजूला नसणार.

२७, बुधवार

मैदान. प्रशिक्षकाने कुंपणाबाहेर उभं राहायचं, असा नियम आहे. मी तारेला धरून उभा होतो. हिच्या शेजारी परीक्षक साहेब, मांडीवर पॅड, चेहरा नेहमीसारखा दात दुखत असल्याचा.

आठचा आकडा काढला, गाडी मागे घेऊन रांगेत लावली. मग चढ. ही मध्यावर थांबली. हळूच इंजिनाचा आवाज वाढला, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं, एक बोटभरही मागे न येता ती निघाली आणि पलीकडे दिसेनाशी झाली.

पास.

शेजारी उभा असलेला दुसऱ्या स्कूलचा शिक्षक म्हणाला, "पाय काढा आता." मी खाली बघितलं. माझा डावा बूट मैदानाच्या मातीत घोट्यापर्यंत रुतला होता.

परीक्षक साहेब सही करताना म्हणाले, "तुमच्याकडून आलेल्यांपैकी क्लच कशाला म्हणतात हे कळलेल्या या पहिल्याच." मी आभार मानले. नंतर लक्षात आलं की ते नीट ऐकायला हवं होतं.

२८, गुरुवार

कानसेनला पेढे नाहीत तरी दोन शब्द द्यावेत म्हणून गॅरेजला गेलो. भिंतीवर खिळ्याला एक केबल लटकवलेली, तिला चिठ्ठी, चिठ्ठीवर माझ्या गाडीचा नंबर.

"ही कसली?"

तो पाना पुसत राहिला. "तुमच्याकडच्या क्लचची. अठरा तारखेला काढली. पेडलच्या मागे नुसती स्प्रिंग लावली, तुम्हाला दाबल्यासारखं वाटावं म्हणून. ताईंनी सांगितलं होतं."

"म्हणजे दहा दिवस..."

"ब्रेक जोडलेला होता, सर. जिवाला धोका नव्हता."

मी बरंच बोललो. नियम, जबाबदारी, विश्वास. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "आवाज आला का मधल्या दिवसांत?"

"नाही."

"वहीत लिहा ते."

लिहिलं. आवाज नाही.

तलावाजवळचा सव्वा तास. मिलिमीटरने सोडलेला, मिलिमीटरने दाबलेला. जिचा गाडीशी काही संबंध नव्हता, अशा एका स्प्रिंगवर माझी बावीस वर्षांची कला.

जेवताना हिने विचारलं, "गॅरेजला गेला होतात?"

"हो."

"मग?"

"बेअरिंग चांगलं बसलंय."

"हो ना," ही म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. आमच्यात भांडण झालं असेल तर ते एवढंच. की मिटलं असेल तर एवढंच, नक्की कळलं नाही.

३०, शनिवार

केबल पुन्हा जोडून घेतली. कायद्याने लागते. कानसेन म्हणाला, "जोडली, पण बेअरिंग चौथं मागू नका."

गणिताच्या बाईंचा निरोप आला. विचार करून झाला, सोमवारी आठला येतील. दहा नाही, दोनच तास. चढाचे.

२, सोमवार

साडेपाचला ही निघाली. मी म्हटलं, पहिला दिवस आहे, पंचवीस किलोमीटर बरोबर येतो, बसने परत येईन. ही म्हणाली, "अहो, त्या सीटवर आजपासून नमुन्यांची पेटी असते." खरंच होती, पट्ट्याने बांधलेली. व्हॅन कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभा होतो. दुसरा गिअर थोडा उशिरा टाकला. तिसरा बरोबर.

आठला गणिताच्या बाई. तलावाजवळचा चढ. मागे एक दुधाची गाडी येऊन थांबली.

"सर, बंद पडली तर?"

"पडेल," मी म्हटलं, आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली.

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, मांडीकडे बघितलं. पहिल्यांदा बंद. दुधवाल्याने हॉर्न दिला. दुसऱ्यांदा बंद, गाडी हातभर मागे घसरली, बाईंनी ब्रेक स्वतः दाबला. माझ्या डाव्या मांडीत गोळा आला. तिसऱ्यांदा बंद. दुधवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "अहो मास्तर, शिकवताय की जप करताय?"

मी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे धरून बसलो होतो.

चौथ्यांदा गाडी निघाली. आवाज नाही. वर पोचल्यावर बाईंनी गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि मग पदराने तोंड पुसलं.

"आता कुणी चालवली, सर?"

"तुम्ही."

हे उत्तर द्यायला जेवढा वेळ लागायला हवा, त्यापेक्षा थोडा जास्त लागला. पाय मोकळे करायचे होते, पण गाडी सुरू होती, म्हणून मी तसाच बसून राहिलो आणि म्हटलं, "खाली घ्या. पुन्हा एकदा."